अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या पहिल्या बॅप्टिस्ट मंडळीचं सभाघर, १:५० प्रतिकृती: नागपुरातल्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल
प्रमाण १:५० ठरलं. मूळ इमारत जमिनीवर ८० फूट बाय ८० फूट, मनोऱ्याच्या टोकापर्यंत उंची १८५ फूट. प्रतिकृतीत घराची बाजू ४८८ मिमी आणि एकूण उंची ११२८ मिमी येते. १:१०० केलं असतं तर टेबलावर आरामात मावलं असतं, पण फूटभर जाडीचा खांब ३ मिमीचा होतो आणि त्याला कुसू (सांध्यात बसणारी जीभ) काढायला गेलं की तो हातातच मोडतो. १:५० ला तोच खांब ६.१ मिमी राहतो, पटाशी लावता येते. तळफळी १८ मिमी प्लायची, ७०० बाय ७००. त्यावर ॲक्रिलिकचं झाकण.

प्रतिकृतीत दोन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. एक, घर आतून कसं आहे. त्यासाठी दक्षिणेची भिंत आणि छताचा अर्धा भाग उचलता येईल असा. दुसरी, मनोरा घराच्या आतून वर कसा चढवला. त्यासाठी मनोऱ्याचे टप्पे खरोखर सरकले पाहिजेत. नुसता वरून चिकटवलेला मनोरा करायचा असेल तर हे काम हाती घेण्यात अर्थ नाही.

९ एप्रिल
माहितीफलकांच्या मजकुरासाठी कालक्रम लावून घेतला, कारण कोणत्या वर्षाची स्थिती दाखवायची हे ठरल्याशिवाय आतलं काही कापता येत नाही.

मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समुदाय, स्थापन झाली १६३८ साली. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं आणि दोन वर्षांनी ही मंडळी सुरू केली. अमेरिकेतली ही पहिली बॅप्टिस्ट मंडळी. बॅप्टिस्ट म्हणजे विश्वास धरणाऱ्या मोठ्या माणसालाच बाप्तिस्मा देणारा प्रॉटेस्टंट पंथ. विल्यम्स स्वतः काही महिन्यांतच तिच्यातून बाहेर पडला. साठ-बासष्ट वर्षं मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. पहिलं सभाघर १७०० साली पार्डन टिलिंगहास्ट या पाळकाने स्वतःच्या खर्चाने बांधलं, दुसरं १७२६ मध्ये झालं. आपण करतोय ते तिसरं, १७७४-७५ चं. २८ मे १७७५ ला त्याचं समर्पण झालं आणि ते आजही वापरात आहे.

आतल्या बदलांची यादी:
१७९२: आयरिश काचेचं मोठं झुंबर बसलं.
१८३२: चौकोनी पेटीवजा बाक काढून सरळ रांगांचे बाक आले.
१८३४: पश्चिमेच्या बाजूला ऑर्गन आला, त्यासाठी तिथला सर्वांत वरचा सज्जा गेला.

वर्ष ठरलं १८०७. झुंबर आहे, जुने बाक आहेत, वरचा सज्जा आहे, ऑर्गन नाही. १८०७ च का, ते फलकांच्या नोंदीत.

१३ एप्रिल
लकडगंजातून लाकूड आणलं. खांब-तुळयांसाठी सागवान, मनोऱ्याच्या आतल्या टप्प्यांसाठी शिवण. शिवण हलकं, रेषा सरळ, पटाशीखाली मऊ आणि तडे कमी. सज्जे व भिंतींसाठी ३ मिमी बर्च प्लाय, छतासाठी ०.८ मिमी प्लाय.

आरागिरणीवर सगळा हिशेब इंच-सुताचा. ६.१ मिमी सांगून उपयोग नाही, दोन सूत सांगावं लागतं आणि दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी. पाव मिलिमीटरचा फरक एका खांबाला कळत नाही. पण सज्ज्याच्या फळीत लेझरने पाडलेली भोकं ६.१ ची आहेत, त्यांत एकही खांब शिरेना. सगळे खांब रंध्याखाली घालून ६.१ वर आणले. पुढच्या वेळी गिरणीवरून अडीच सूत जाडीची पट्टी घ्यायची आणि घरी रंधून मापावर आणायची. आरीच्या खुणाही त्यातच निघतात.

२० एप्रिल
घराची चौकट उभी. इथे थोडं थांबून आराखडा समजून घेण्यासारखा आहे, कारण पाहणारा आधी मनोऱ्याकडे बघेल आणि खरी गोष्ट खालच्या चौरस घरात आहे.

घर अगदी चौरस आहे. लांबट गाभारा नाही, टोकाला वेदी नाही. पूर्वेच्या भिंतीशी उंच व्यासपीठ, बाकी तीन बाजूंनी सज्जे, खिडक्यांना साध्या पांढऱ्या काचा. या पंथात उपासनेचा केंद्रबिंदू म्हणजे वचनाचं वाचन आणि प्रवचन, म्हणून प्रत्येक माणसाला बोलणारा दिसला आणि ऐकू आला पाहिजे. चौरसात शेवटचा माणूस सर्वांत जवळ राहतो. बसायची सोय सुमारे १२०० जणांची, आणि १७७४ च्या गणनेत गावची लोकसंख्या ४३२१ होती. म्हणजे चौथाई गाव एका छताखाली मावत होतं.

एवढं मोठं बांधायला आणखी एक कारण होतं. ऱ्होड आयलंड कॉलेज १७७० मध्ये प्रॉव्हिडन्सला आलं होतं आणि त्याच्या पदवीदानाला जागा हवी होती. ईश्वराच्या सार्वजनिक उपासनेसाठी आणि पदवीदान समारंभासाठी, असे दोन्ही हेतू ठरावातच लिहिलेले आहेत. मंडळीचा पाळक जेम्स मॅनिंग हाच कॉलेजचा अध्यक्ष. हेच कॉलेज १८०४ पासून ब्राउन विद्यापीठ.

चौकट लावताना तिरकेपणा आला. एका कर्णाचं माप ६९०, दुसऱ्याचं ६८७. ४८८ च्या चौरसाचा कर्ण ६९०.१ यायला हवा, म्हणजे एक कोपरा आत ओढला गेलाय. गुण्या लावून हे कळलं नसतं, कारण प्रत्येक कोपरा सुटा पाहिला तर ठीक वाटतो. लांब कर्णावर शिकंजा लावून हलकेच दाबलं, दोन्ही कर्ण जुळल्यावर कोपऱ्यांत त्रिकोणी कपच्या चिकटवल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं.

२७ एप्रिल
पश्चिमेच्या सज्ज्यावर आणखी एक सज्जा बसवला, छताला लागूनच. गुलाम, मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी यांना तिथे बसवत. हा सज्जा आज इमारतीत नाही, म्हणून छायाचित्रं बघून काम करणारा तो सहज गाळून जाईल. आपण गाळायचा नाही. हे सभाघर उभारण्यात पुढे असलेल्या ब्राउन घराण्यात एक भाऊ जॉन गुलामांच्या व्यापारात होता आणि दुसरा भाऊ मोझेस याने १७७३ मध्ये आपल्याकडचे गुलाम मुक्त केले. ज्या घराच्या घंटेवर विवेकस्वातंत्र्याचं वचन कोरलं गेलं, त्याच घरात हा सज्जा होता. प्रतिकृती उघडल्यावर तो आधी दिसावा म्हणून छताचा उचलायचा भाग पश्चिमेकडचा ठेवला.

बाक: ०.८ प्लायच्या चौकोनी पेट्या, प्रत्येकीला लहान दार. लेझरने कापलेली कड जळून काळी होते आणि त्या काजळीवर फेविकॉल नीट धरत नाही. पहिल्या दिवशी चिकटवलेल्या पेट्यांपैकी अकरा दुसऱ्या दिवशी बोट लावताच सुटल्या. आता प्रत्येक कड २२० च्या पॉलिश पेपरवर दोनदा घासून मगच चिकटवायची.

४ मे
खिडक्यांच्या काचा १ मिमी ॲक्रिलिकच्या, वरच्या कमानीसकट लेझरने कापलेल्या. बोटांचे डाग काढायला स्पिरिट लावलं आणि कडांना केसासारख्या बारीक चिरा गेल्या. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण साठलेला असतो, त्यावर स्पिरिट पडलं की ॲक्रिलिक चिरतं. चौदा काचा वाया. नव्या काचा कापून ओव्हनमध्ये ८० अंशांवर तासभर ठेवल्या, ओव्हन बंद करून त्यातच थंड होऊ दिल्या आणि पुसायला फक्त साबणाचं पाणी वापरलं. एकही चीर नाही.

११ मे
मनोरा. आता या कामाचा कस लागणार.

आराखडा जोसेफ ब्राउनचा. हा व्यापारी घराण्यातला, हौशी खगोल अभ्यासक. १७६९ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्समधून शुक्राचं अधिक्रमण पाहण्याची व्यवस्था केली होती. मनोऱ्यासाठी त्याने जेम्स गिब्जच्या १७२८ च्या वास्तुचित्रांच्या ग्रंथाचा आधार घेतला. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चसाठी गिब्जने काढलेले आणि तिथे न वापरलेले पर्यायी मनोरेही त्या ग्रंथात छापले होते. त्यातलाच एक प्रॉव्हिडन्सला लाकडात उभा राहिला. त्या काळी बॅप्टिस्ट सभाघरं साधी असत, मनोरा आणि घंटा यांच्याशी त्यांचा संबंध नसे. म्हणून चौरस घर आणि त्याच्या पश्चिमेला लावलेला हा उंच मनोरा या दोन वेगळ्या इच्छा आहेत. प्रतिकृतीतही दोन्ही वेगळे भाग म्हणून बांधले, चार स्क्रूंनी जोडलेले.

सुतार आले बॉस्टनहून. १ जून १७७४ पासून इंग्रज सरकारने बॉस्टनचं बंदर बंद केलं, तिथल्या जहाजबांधणीतल्या माणसांचं काम गेलं आणि प्रॉव्हिडन्सला कुशल हात मिळाले. मुख्य बांधकाम जेम्स समनरकडे. मनोऱ्याचे भाग चौकोनी बुरुजाच्या आत तयार करून दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकातून एक वर ओढले. जून १७७५ च्या सुरुवातीला साडेतीन दिवसांत हे काम झालं. डोलकाठ्या उभ्या करणाऱ्या लोकांना ही पद्धत हाताशी होती. त्याच महिन्यात, १७ जूनला, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई झाली.

आपला क्रम: बाहेरचा चौकोनी बुरुज ३ मिमी प्लायचा, स्थिर. त्यात शिवणाचं चौकोनी घंटाघर, त्यात अष्टकोनी टप्पे, सर्वांत आत निमुळता कळस. आधी घंटाघर वर, त्याला आडव्या खिळी, मग अष्टकोन, शेवटी कळस. कळस बंद स्थितीत खाली बराच जातो म्हणून तळफळीला गोल भोक पाडलं. दोन भागांत प्रत्येक बाजूला ०.५ मिमी मोकळीक.

अष्टकोन जोडताना आठ फळ्यांच्या सोळा कडा २२.५ अंशांत रंधायच्या. एका कडेला पाव अंश चूक झाली तर सोळा कडांची मिळून ४ अंश होते आणि शेवटचा सांधा उघडा राहतो. उपाय सोपा आहे: चार-चार फळ्यांचे दोन अर्धे जोडायचे, वाळू द्यायचे, मग दोन्ही अर्धे सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून समोरासमोर आणायचे. सगळी चूक त्या दोन सांध्यांत निघून जाते.

१८ मे
कपोतांनी, म्हणजे टप्प्यांच्या माथ्यावरच्या कडांनी, अडवलं. प्रत्येक टप्प्याच्या माथ्यावर बाहेर आलेली नक्षीची कड आहे आणि ती ज्या टप्प्यातून वर यायची त्याच्या तोंडापेक्षा मोठी आहे. कड लावली की टप्पा सरकत नाही, न लावली तर मनोरा उघडाबोडका. सगळ्या कडा सुट्या कड्या म्हणून केल्या, आतून ३ मिमीचे लोहचुंबक बसवले. टप्पा वर आला की कडी वरून घालायची, चट्कन बसते. खाली नेण्याआधी काढायची. पाच कड्या, आतल्या बाजूला क्रमांक कोरलेले.

ओढायला ०.४ मिमीचा मासेमारीचा नायलॉन दोरा, १० मिमीच्या पितळी पुल्या, मागे हाताने फिरवायचा लहान रहाट. एका बाजूच्या एकाच दोऱ्याने ओढलं तर टप्पा तिरका होऊन अडकतो, जुन्या टेबलाचा खण एका कडीने ओढल्यावर अडकतो तसा. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोरे, दोन्ही एकाच रहाटावर. टप्पा पूर्ण वर आल्यावरही त्याच्या रुंदीच्या दीडपट लांबी आत राहील असं माप ठेवलं, नाहीतर तो डुलतो.

संध्याकाळी पाचही भाग सरळ वर गेले. आवाजसुद्धा नाही.

२५ मे
बाहेर ४५ अंश. कार्यशाळेत आर्द्रतामापकावर १८ टक्के. कूलर लावला की अर्ध्या तासात ६२. कूलरचा झोत सरळ कामाच्या टेबलावर येत होता, छताचं ०.८ प्लाय सकाळी सपाट आणि दुपारी कढईसारखं. कूलर खिडकीकडे फिरवला. छताला फेविकॉल एकाच बाजूने लावलं तरी असंच वाकतं. म्हणून दोन्ही बाजूंना पातळ हात आणि वर सपाट फरशीचं वजन, बारा तास.

एक साक्षी पट्टी करून ठेवली: शिवणाची, रेषांना आडवी १०० मिमी. आज १००.०. दर रविवारी कॅलिपरने मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहायचं.

८ जून
झुंबर. ०.३ मिमी पितळी तार, इतवारीतले सर्वांत बारीक पारदर्शक मणी. मूळ झुंबर १७९२ मध्ये होप ब्राउनने वडील निकोलस ब्राउन यांच्या स्मरणार्थ दिलं. मणी ओवून तार कापली की टोक उसळून मणी उडतात, म्हणून कापण्याआधी टोकाला सुपरग्लूचा थेंब.

घंटा: मूळ २५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ११३४ किलो. त्या वजनाच्या घंटेचा व्यास साधारण चार फूट धरला तर आपल्याकडे २४ मिमी. भांडे ओळीत देवघराची पितळी घंटी याच मापाची मिळाली, मूठ कापून टाकली. मूळ घंटा पुढे फुटून पुन्हा ओतली गेली. तिच्यावरच्या इंग्रजी पद्याचा आशय फलकावर असा दिला: विवेकस्वातंत्र्यासाठी हे गाव वसलं, लोकांनी सक्ती नव्हे तर समजूत वापरली, ही मंडळी सर्वांत जुनी आणि तिने आपलं म्हणणं मागे घेतलेलं नाही.

२९ जून
पाऊस आठवडाभर लागून आहे. आर्द्रता ८१. घंटाघर अर्ध्यावर अडकलं. रहाटावर जोर दिला तेव्हा दोरा तुटला आणि अष्टकोनाची एक कड चेपली.

साक्षी पट्टी १०१.४. घंटाघराची रुंदी १.१ मिमी वाढली, आपली एकूण मोकळीक होती १.० मिमी. सगळे भाग सारखेच फुगले असते तर हे झालं नसतं. मोकळीकही त्यांच्याबरोबर वाढली असती. पण बाहेरचा बुरुज प्लायचा आहे, त्याचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो जवळजवळ हलत नाही. आतलं घंटाघर सलग शिवणाचं, ते फुगलं. दोन वेगळ्या स्वभावाची लाकडं एकात एक घातली, चूक तिथे झाली. मे महिन्यात, लाकूड सर्वांत सुकं आणि आकसलेलं असताना मोकळीक मोजली, ही दुसरी.

६ जुलै
रंधून बारीक करण्याचा विचार सोडला. तसं केलं तर पुढच्या मे महिन्यात टप्पे डुलतील. घंटाघर आणि अष्टकोन नव्याने: गाभा ३ मिमी बर्च प्लायचा, वर ०.६ मिमी सागाचा व्हीनियर, आतून-बाहेरून दोन्हीकडे. एकीकडेच लावला तर फळी वाकते. मोकळीक प्रत्येक बाजूला ०.८. त्यात रंगाचाही हिशेब धरला: प्रायमर आणि दोन हात मिळून साधारण ०.१ मिमी, आणि समोरासमोर दोन पृष्ठभाग. घासणाऱ्या जागा रंगवायच्याच नाहीत, तिथे मेणबत्ती घासायची. कळस शिवणाचाच राहिला. तो निमुळता आहे, फक्त बुडाशी टेकतो, तेवढंच बूड घासलं.

१३ जुलै
रंग. पावसाळी हवेत लॅकर फवारलं आणि पांढुरकं धुकं धरलं, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. आर्द्रता ६५ च्या वर असेल त्या दिवशी फवारणी बंद. उरलेलं काम पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाने, ब्रशने.

२० जुलै
फलकांचा मजकूर पक्का. १८०७ चं कारण: त्या वर्षी ॲडोनिराम जडसन ब्राउन विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला, आणि पदवीदान याच घरात होत असे. तो तेव्हा बॅप्टिस्ट नव्हता. फेब्रुवारी १८१२ मध्ये तो काँग्रिगेशनल (लहान मुलांनाही बाप्तिस्मा देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मिशनचा माणूस म्हणून हिंदुस्थानला निघाला. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की विश्वास धरणाऱ्या मोठ्या माणसालाच, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून, हा प्रश्न वाटेवर त्याने ग्रीक नव्या कराराशी ताडून पाहिला. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्याच्या लाल बाजारातल्या बॅप्टिस्ट सभाघरात त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट काँग्रिगेशनलच राहिले, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं.

लाल बाजारातल्या सभाघराच्या मागे बंगालमधल्या श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी होते, आणि ते मराठी वाचकाला परके नाहीत. त्यांच्यातल्या विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा, मराठी नवा करार १८११ चा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले पंडित वैजनाथ या कामात त्याच्या सोबत होते. व्याकरणात मराठी देवनागरीत छापली, कोशात मोडीचे खिळे आले. फलकावर याला पूर्ण रकाना दिला.

शेवटचा परिच्छेद नागपूरकरांसाठी. इथे ख्रिस्ती मिशन म्हटलं की स्टीफन हिस्लॉप आठवतात. ते १८४५ मध्ये नागपूरला आले, पण स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. सदरचं ऑल सेंट्स कॅथीड्रल अँग्लिकन परंपरेतलं. दोन्हीकडे लहान मुलांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून हे चार ओळींत लिहिलं.

३ ऑगस्ट
आर्द्रता ८३. साक्षी पट्टी १०१.६. मनोरा सलग वीस वेळा वर-खाली केला, एकदाही अडकला नाही. सातव्या फेरीत तीन नंबरची कडी उलटी बसली, चुंबकांचे ध्रुव दोन जोड्यांत चुकले होते. ते काढून फिरवून बसवले आणि सगळ्या कड्यांवर दक्षिणेकडे लाल ठिपका दिला.

१० ऑगस्ट
वाहतूक छोट्या हत्तीतून. मनोरा खाली घेतल्यावर उंची बरीच कमी होते, प्रतिकृती झाकणासकट गाडीच्या पाठीवर मावते. आधी कड्या काढून पाकिटात, मग कळस, अष्टकोन, घंटाघर याच क्रमाने खाली. झुंबर वेगळ्या डबीत, कापसात. खालून ५० मिमी फोम.

झाकणात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या चार पुड्या. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायच्या, पावसाळ्यात दर दहा दिवसांनी बघायच्या. सप्टेंबरअखेर आणि पुढच्या मे महिन्यात बुरुजाच्या तोंडाशी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून चारही बाजूंची मोकळीक मोजायची. ०.६ च्या खाली आली तर मेण पुसून पुन्हा लावायचं, रहाटावर जोर द्यायचा नाही. साक्षी पट्टी प्रतिकृतीबरोबर झाकणातच ठेवली आहे, आजचं माप तिच्यावर पेन्सिलीने लिहून.